खोटा माड

मी कुंपणाच्या बेड्याची काठी सरकवून आत आले तेव्हा आबा घराशेजारच्या मांगराच्या सावलीत बसून मडक्यांना आतून चुना लावत होते. पाच मडकी ओळीने मांडली होती. नारळाचं सोडण ठेचून केलेला कुंचा चुन्यात बुडवायचा, मडक्यात घालून एकदा गोल फिरवायचा आणि मडकं उजवीकडे सरकवायचं. मला बघून त्यांनी हातातलं मडकं उजवीकडे सरकवलं, कुंचा डब्यावर आडवा ठेवला आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

“इली गो माझी पुस्तकवाली,” ते म्हणाले. “येष्टी वेळेर इली मगे?”

“वेळेवर कुठली. सावंतवाडीला पाऊण तास उभी होती.”

“‘पाऊण तास उभी होती.’” त्यांनी माझी नक्कल केली. “घराक इल्यावर तरी मराठी पेटयेत घालून ठेव.”

मिरजेच्या कॉलेजात ग्रंथपाल होऊन मला तेव्हा चौदा वर्षं झाली होती. आई आणि आबा मालवणीत बोलायचे आणि मी पुस्तकी मराठीत उत्तरं द्यायची, याची घरात सवय होऊन गेली होती. सवय झाली तरी आबा दर वेळी चिडवायचेच.

त्यांनी माझी पिशवी पडवीत नेऊन ठेवली, कळशीतलं पाणी आणून दिलं, मी पिईपर्यंत समोर उभे राहिले. मग पुन्हा मडक्यांपाशी बसले.

“तीन झाली काय दोन?” स्वतःशीच म्हणाले आणि कुंचा उचलून पुढच्या मडक्याला लागले.

आबा माड काढत. आमच्याकडे माड काढणं म्हणजे नारळ काढणं नव्हे. काढायला घातलेल्या माडाला नारळ लागत नाहीत. त्याची पोय, म्हणजे फुलोरा, उमलण्याआधीच दोरीने आवळून बांधतात, हळूहळू ठोकून मऊ करतात आणि दिवसातून तीनदा तिचं टोक छाटतात. तिथून थेंब थेंब रस मडक्यात गळतो. मडक्याला चुना असेल तर रस सकाळपर्यंत गोड राहतो आणि तो आटवला की गूळ होतो. चुना नसेल तर सकाळी त्याची माडी झालेली असते आणि आणखी काही दिवसांनी शिरका, ज्याला तुम्ही व्हिनेगर म्हणता. गुळाला आमच्या गावात ‘गोड’ म्हणतात. त्यामुळे रस गोड असणं आणि त्याचं गोड होणं या दोन गोष्टी आबांच्या बोलण्यात वेगळ्या काढता यायच्या नाहीत.

एके काळी त्यांच्याकडे अठरा माड होते. त्या वर्षी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, पाच उरले होते. चार घरामागे आणि पाचवा व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर, पाण्याकडे जरा कललेला.

मी आले होते ते आईने बोलावलं म्हणून. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, “तू ये आनि सांग. माझां ऐकनत नाय.” आदल्या पावसाळ्यात आबांना ताप आला. पंधरा दिवसांनी उतरला, पण उतरताना वास आणि चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आली नाही. माघात एकदा ते अर्ध्या माडावर असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि खोडाला मिठी मारून तिथेच बसून राहिले. शेजारच्या बाबलने शिडी लावून उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा वर.

तिन्हीसांजेला आईने पानं घेतली. बांगड्याची आमटी, भात, सोलकढी. मी पहिला घास घेतला आणि आईकडे पाहिलं. आमटीत मिठाचा कणही नव्हता. आईने मला डोळ्यांनी गप्प केलं. आबा भुरके मारत जेवत होते.

“कशी झाली आमटी?” आईने विचारलं.

“बरी झाली.”

“मीठ?”

“मीठ पन बरां आसा. जरासा चढ, पन बरां.”

आईने वाटी खाली ठेवली. “बघ. बघलंस तुझो बापूस? मी मीठ घालूकच नाय.”

आबांनी हात थांबवला. मग पुन्हा भात कालवला. “माका ठाऊक होतां,” ते म्हणाले. “लेकीसमोर तुझी अब्रू राखलंय.”

मी हसले. आईलाही हसू आलं, पण तिने ते पदरात घातलं आणि मिठाची बरणी आणून आबांच्या पानाशी आपटली. “हसा. पमा, ह्यांका इचार, ह्या महिन्यात दोनदा गोड घातल्यानी, काय झालां तेचां?”

“काय झालं?”

“काकवी,” आई म्हणाली. “दोनय वेळा. बसलांच नाय. वतल्यावर पातळ तां पातळच. चार दिसांनी देवीचो उत्सव. आजोबापासून ह्या घरची ढेप जाता नैवेद्याक. यंदा काय काकवी नेतालात बाटलेतसून?”

चैत्रात गावच्या देवीला पहिल्या गुळाची ढेप आमच्या घरून जायची. ती कुणी मागत नसे, पण गेली नाही तर साऱ्या गावाला कळायचं.

“रस चाखल्याशिवाय घातलंय, म्हणान झालां तां,” आबा म्हणाले. “आधी मी हरयेक मडक्यातलो रस जिभेर टेकवी आनि मगेच कढयेत वती. आता जिभेक काय कळना नाय. पन उद्या पमा आसा. तिची जीभ माका पुरे.”

“आनि तरी बसलां नाय तर?”

“बसातलां.”

“नाय बसलां तर?”

आबांनी सोलकढीची वाटी रिकामी केली. मग म्हणाले, “नाय बसलां तर मी सोता कोयती खुंटीक लावतंय. परत माडार चढनंय नाय. पमा साक्षीक.”

“पमा, आयकलंस?”

“ऐकलं,” मी म्हटलं.

मी ज्यासाठी आले होते तेच काम त्यांनी स्वतःच्या तोंडाने माझ्या पुढ्यात आणून ठेवलं होतं. मी आणखी काही बोलायची गरज नव्हती. जेवण झाल्यावर विषय बदलावा म्हणून मी त्यांना विचारलं, की माडाचा सगळ्यात चांगला लागणारा भाग कोणता. शहाळं, खोबरं, नारळाला कोंब आल्यावर आत होतो तो मऊ गोळा, की रस?

“गाभो,” ते लगेच म्हणाले. “माडाच्या डोक्यात आसता. पांढरो, हाताएवढो.”

“मी वाचलंय त्याच्याबद्दल. बाहेरच्या देशांत फार महाग मिळतो म्हणे.”

“म्हाग आसतलोच. गाभो खावचो तर माड मारूक व्हयो. मी जन्मात दोनदा खाल्लंय, दोनय वेळा वादळात पडलेल्या माडाचो.”

“कसा लागतो?”

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. मला दिसलं, ते खरंच आठवत होते, आणि जिभेने सुद्धा शोधत होते. “आता सांगूक येना नाय,” ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

सकाळी सहाच्या सुमाराला मी उठले तेव्हा ते चार माड करून आले होते आणि पाचव्यावर होते. मी व्हाळाकडे गेले. खोडाला दर हातभर अंतरावर पाय ठेवायला खाचा होत्या. त्या त्यांच्या वडिलांनी पाडलेल्या. कमरेला कोयती आणि पाठीला मडकं लावून ते उतरत होते. प्रत्येक खाचेशी पाय आधी चाचपडायचे, मग टेकायचे. पूर्वी ते बोलत बोलत उतरायचे. आता बोलत नव्हते. खाली आल्यावर ते माझ्याकडे न बघता खोडाला पाठ लावून थोडा वेळ उभे राहिले.

“दमलात?”

“कोन, मी? माडाक टेको देतंय. कललो आसा ना तो.”

मांगरात चूल पेटली होती. पाच मडकी पुन्हा ओळीने मांडली. कढई चढवायच्या आधी आबांनी नारळाच्या करवंटीचा डाव धुवून माझ्या हातात दिला आणि समोर उकिडवे बसले. शाळेत पाढे घ्यायचे तसे.

“आयक. गोड बसलां नाय तर दोनच जागे बघूचे आसतत. मडक्यात, नायतर माडार. रस आंबट आसलो तर दोष मडक्याचो, चुनो कमी पडलो. रस गोड आसलो आनि तरी बसलां नाय, तर दोष पोयीचो. पोयीक कीड आसतली, नायतर बुडाशी पानी शिरला आसतला. कललेल्या माडाच्या पोयीत तां पयलां शिरता. समाजलां?”

“समजलं.”

“आनि लाजा नको. आंबट म्हंजे वायट न्हय. आंबट आसलो तर बाजूक ठेवतलंय, तेचो शिरको होता. आंबलेलो रस फुकट जाना नाय. फकत कोनीतरी सांगूक व्हया. एक आंबट मडक्या चार गोड मडक्यांका नासवता.”

मी पहिल्या मडक्यात डाव बुडवला.

“गोड आसा?”

“गोड.” खरंच गोड होता. गार, किंचित धुराच्या वासाचा.

त्यांनी मडकं कढईत ओतलं. दुसरं.

“गोड आसा?”

“गोड.”

तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी ते तेच दोन शब्द विचारायचे, मी एका शब्दात उत्तर द्यायची आणि ते ओतायचे. पाचवं व्हाळाकडच्या माडाचं. रंगात काही फरक नव्हता, निदान मला दिसला नाही, आणि आबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. मी डाव बुडवला आणि तोंडाला लावला. चुलीतून सोडणाचा एक तुकडा उडून बाहेर पडला होता, तो मी पायाने आत सारला.

“गोड आसा?”

“गोड,” मी म्हटलं.

त्यांनी तेही ओतलं. मी उठून कळशीतलं पाणी प्यायले.

रस आटायला साडेतीन तास लागले. आबा चुलीपाशी बसून होते. सोडणं आणि वाळलेली झावळं ते मोजून सारत होते, जाळ मोठा नको की बारीक नको. मी पडवीत बसून पुस्तक उघडलं होतं. एक पान मी चार वेळा वाचलं. आई मधून मधून येऊन कढईत डोकावायची आणि परत जायची. फेस वर आला की आबा नारळाच्या खोबऱ्याची चकती त्यात फिरवायचे, फेस खाली बसायचा. वास सगळ्या वाडीत पसरला होता. बाबल कुंपणापलीकडून ओरडला, “जगनकाका, मेल्यांनो, सकाळीच जीव घेतास! माका एक करवंटी ठेवा!”

“दोन ठेवतंय!” आबा ओरडले.

त्यांना वास येत नव्हता. पण वास सुटला आहे हे बाबलच्या ओरडण्यावरून त्यांना कळलं आणि त्यांचा चेहरा उजळला. तो चेहरा मी पाहिला.

साडेदहाला त्यांनी थेंब पाण्यात टाकून बघितला. त्याची गोळी झाली नाही. पसरला. अर्ध्या तासाने पुन्हा टाकला. पुन्हा पसरला. मग ते ढवळत राहिले, दोन्ही हातांनी, आणि अकराच्या पुढे त्यांनी कढई उतरवून करवंट्यांत ओतायला घेतलं. आई, मी आणि ते, तिघंही बघत होतो. काळपट रस करवंट्यांत स्थिर झाला. आबांनी एक करवंटी उचलून तिरपी केली. तो हळूच एका बाजूला सरकला.

आबांनी करवंटी खाली ठेवली, आत गेले, कोयती फडक्याने पुसली आणि माजघरातल्या खुंटीला लावली. त्या खुंटीला तोवर आईची छत्री लटकत असे. त्यांनी ती काढून कोपऱ्यात उभी केली.

आईने डोळ्यांना पदर लावला. मला वाटतं, बरं वाटलं म्हणून. मला तरी बरं वाटलं होतं. मनात मी पुढची वर्षं मांडायलाही घेतली होती. मे महिन्यात त्यांना मिरजेला आणायचं, डोळ्याचं ऑपरेशन करायचं. बाबलला माड कराराने द्यायचे.

मग आम्ही जेवायला बसलो. आईने त्या दिवशी मीठ घातलं होतं, आणि माशाची मोठी तुकडी त्यांना वाढली होती. अर्धं जेवण झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

“पमा.”

“काय?”

“पाचय गोड होते मगे?”

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती भात वाढत होती. माजघराच्या उघड्या दारातून खुंटीवरची कोयती दिसत होती.

“हो,” मी म्हटलं. “पाचही.”

त्यांनी मान डोलावली. “म्हंजे मडक्यात काय नाय,” ते म्हणाले. एवढंच. मग उठले, हात धुतले आणि पडवीत जाऊन आडवे झाले. मला वाटलं, झोपले.

आई भांडी घासायला विहिरीवर गेली. मी मांगरात कढई खरवडत होते. काकवी चिकटून बसली होती, करवंटीच्या तुकड्याने ती काढावी लागत होती. दुपारचा एक वाजला असेल. वारा सुटला होता. व्हाळाच्या बाजूला काहीतरी पडल्याचा आवाज आला. माडांच्या वाडीत झावळं पडतच असतात. आपण मान वर करत नाही. मी खरवडत राहिले.

मग बाबल ओरडला. आधी जे ओरडला ते मला कळलंच नाही.

आबा माडाच्या बुंध्यापासून चार हातांवर वाळूत पडले होते. शेजारी वाळलेल्या झावळाचा देठ होता, तुटलेला. रोजच्या छाटणीला ते एका ठरलेल्या बाजूला बसत, त्या बाजूची झावळं त्यांना माहीत होती. पोयीचं बूड बघायचं तर पलीकडे जावं लागतं. ते पलीकडे गेले होते. डोळे उघडे होते. मी वाकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलले. दोनतीन शब्द. मग बाबल रिक्षा आणायला धावला, आणि आई विहिरीवरून ओल्या हातांनी पोचली. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. वेंगुर्ल्याला नेईपर्यंत संपलं होतं.

“काय म्हणाले तुका?” आईने मला रिक्षातच विचारलं. “बोलले ना? काय म्हणाले?”

“कळलं नाही,” मी म्हटलं.

बाराव्याला जमलेली माणसं एकाच गोष्टीचं आश्चर्य करत होती. जगन कोयती न घेता माडावर कसा चढला? भर दुपारी, जेवून? कोयतीशिवाय माड काढणारा वर जातोच कशाला? कुणी म्हणालं, वेळ आली होती. कुणी म्हणालं, भ्रम झाला असेल. आईला उत्तर सापडलं होतं, आणि ते ती सगळ्यांना सांगत होती. “तो माड खोटो. रस गोड दिल्यान, गोड होवक दिल्यान नाय. माझ्या माणसाक वर बोलवन घेतल्यान.”

मी तिथेच बसले होते. माझ्या मांडीवर पानसुपारीचं तबक होतं.

त्या वर्षी देवीला ढेप गेली नाही. बाकीचे चार माड बाबलने नारळासाठी घेतले. व्हाळाकडच्याला आईने हात लावू दिला नाही. त्याला नारळ लागायला लागले, चांगले मोठे, पण ते उतरवायचे नाहीत, घरात आणायचे नाहीत, देवाला नाहीत की सारवणाच्या बाईलाही नाहीत. पडायचे, तिथेच कोंब यायचे, कोंबांची रोपं व्हायची आणि पावसाच्या पाण्यात व्हाळातून वाहून जायची. मी वर्षातून दोनदा घरी जायची. आई कधीकधी अंगणात उभी राहून त्या माडाकडे बघत शिव्या द्यायची, अगदी सवयीने, कोंबड्यांना हाकलावं तशा. “शिरा पडली तुझ्यार. खोटारड्या.” मी आत जाऊन काहीतरी वाचत बसायची. आयुष्यात मी बरंच वाचलं आहे. खोटं बोलणाऱ्या माणसांबद्दलही वाचलं आहे. त्याचा या बाबतीत काही उपयोग झाला नाही.

अकरा वर्षं गेली. यंदा फेब्रुवारीत वीजवाल्यांनी व्हाळाच्या काठाने नवी लाइन ओढली. माड तारांकडे कललेला होता, तो तोडा म्हणाले. आईने मला फोन केला. “तोडतत एकदाचो,” ती म्हणाली. आवाजात आनंद होता का ते मला ओळखता आलं नाही. मी रजा टाकून गेले.

बाबलचे केस आता पिकले आहेत. त्याने यंत्राची करवत आणली होती, दोन माणसं आणली होती. माड दोर बांधून व्हाळाच्या बाजूला पाडला. पडताना तो आधी थोडा वळला, मग सरळ गेला. पाणी उडालं आणि काठावरच्या बगळ्यांनी जागा बदलली. आई अंगणातून बघत होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कमरेत वाकलेली. बराच वेळ बघून ती पडवीत येऊन बसली. “झालां,” म्हणाली.

तासाभराने बाबल केळीच्या पानावर काहीतरी घेऊन आला. हाताएवढा पांढरा तुकडा, हस्तिदंतासारखा गुळगुळीत, कापलेल्या बाजूला पाणी सुटलेलं.

“गाभो,” तो म्हणाला. “वाडीत वाटलंय सगळ्यांका. हो घरचो वाटो. काकी, घे.”

“माका नको,” आई म्हणाली. “त्या खोट्याचां काय नको माका. तिका दे.”

बाबलने कोयतीने पातळ चकत्या केल्या आणि पान माझ्यापुढे ठेवलं. “खा गो पमाताय. हो असो परत मेळाचो नाय.” मग तो माणसांना चहा द्यायला गेला.

मी एक चकती तोंडात घातली. कोवळ्या काकडीसारखी कुरकुरीत, ओल्या नारळापेक्षा मऊ. पहिल्यांदा चव पाण्याचीच लागली. मग मागून ती आली. पहिल्या मडक्यातल्या रसाची चव, चुलीपाशी बसून चाखलेली, तशीच, गार. मी चावणं थांबवलं.

व्हाळाच्या बाजूला आता मोकळं आभाळ दिसत होतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. नको म्हणाली होती तरी तिला जाणून घ्यायचं होतं.

“गोड आसा?” तिने विचारलं.

तेच दोन शब्द, त्याच स्वरात. नवराबायको इतकी वर्षं एकत्र राहिली की स्वर सारखे होतात. मी घास गिळला. पान खाली ठेवलं.

“आये,” मी म्हटलं. अशी हाक मी शाळेत असताना मारायची.

“गे?”

“गोड आसा. माड खोटो नव्हतो. आबा पडले तेव्हा तेंनी माका सांगल्यानी, ‘पोय बरी आसा गो.’ तां माका कळलां होतां, आये. पाचव्या मडक्यातलो रस आंबट होतो. तेंनी माडार परत चढूचां नाय म्हणान मी तेंका तो गोड सांगलंय. दोनदा.”